रोमवाला जागेश्वर आणि कापलेला ताणा

तांडापेठेत जाऊन जागेश्वर हेडाऊचं घर विचारलं असतं, तर चार माणसांनी डोकं खाजवलं असतं. ‘रोमवाला जागेश्वर’ म्हटलं की मात्र कोणीही हातातलं काम टाकून दारापर्यंत पोचवून द्यायचं, आणि वाटेत एखादी कोपरखळी मारल्याशिवाय राहायचं नाही. “जा जा, महाराज दरबारातच बसले आहेत. फक्त पाय तेवढे खड्ड्यात सोडून बसतात!”

माणूस पन्नाशीचा, अंगानं काटकुळा, हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणण्यात जन्म काढलेला. शिक्षण चौथी पास. भंडाऱ्याच्या पलीकडचं जग पाहिलेलं नाही. आणि बोलायचा कशाबद्दल, तर अडीच हजार वर्षांपूर्वीच्या, समुद्रापलीकडच्या रोम नावाच्या शहराबद्दल. मोहल्ल्यातलं वाचनालय वाळवीनं खाल्लं तेव्हा पुस्तकं रस्त्यावर टाकली होती. त्यातून त्यानं एक उचललं. त्याला पुठ्ठा नव्हता, नाव नव्हतं, लिहिणाऱ्याचा पत्ता नव्हता. आत रोमचा इतिहास होता. जागेश्वरनं तो वीस वर्षांत इतक्यांदा वाचला की पानांचे कोपरे बोटांच्या खळीनं कडक झाले.

नळावर भांडण लागलं की त्याला रोम आठवायचा. विणकर सोसायटीची निवडणूक आली की रोम. जावई रुपराव फार तापट बोलला की जागेश्वर मागावर इकडून तिकडे धावणारा धोटा थांबवून सांगायचा, “हत्ती घेऊन आलेल्या दुश्मनाशी एक सेनापती वर्षभर लढलाच नाही गा. नुसता मागे मागे फिरून त्याले दमवला. तू काहून घाई करून राहिला?” लोक हसायचे. पण दुपारी जेवणं झाली की तेच लोक त्याच्या ओट्यावर येऊन बसायचे, आणि तो वाचायचा. हसणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, हे त्यालाही कळत होतं.

दोन गोष्टी त्याच्या खास आवडीच्या. पहिली अशी, की रोमच्या गरीब लोकांचं सरदारांपुढे काही चालेना, तेव्हा त्यांनी दगड उचलला नाही की आग लावली नाही. सगळे उठले आणि शहर सोडून तीन मैलांवरच्या टेकडीवर जाऊन बसले. शहर ओस पडलं. मग सरदारांनी एक गोडबोल्या माणूस पाठवला. त्यानं पोटाची आणि हातापायांची गोष्ट सांगितली, हातपाय पोटावर रुसले तर तेही मरतात म्हणून. शेवटी सरदार नमले आणि गरिबांना त्यांची माणसं दरबारात मिळाली.

दुसरी मॅन्लियस नावाच्या सेनापतीची. त्याचा हुकूम होता की रांग सोडून कोणी लढायचं नाही. त्याचाच पोरगा शत्रूच्या टोमण्यानं पेटून रांगेबाहेर गेला, शत्रूला मारून त्याची हत्यारं घेऊन आला. बापानं त्याचं कौतुक केलं नाही, सगळ्या फौजेसमोर मुंडकं उडवलं. हे सांगताना जागेश्वरचा आवाज चढायचा. “याले म्हणते शिस्त!”

त्याची एकुलती मुलगी प्रेमिला सुताच्या कांड्या भरता भरता ही गोष्ट ऐकत मोठी झाली. लहान होती तेव्हा ती दर वेळी रडायची. जागेश्वरला तिच्या रडण्याची मोठी गंमत वाटायची.

सन चौऱ्याहत्तर उजाडलं तेव्हा मोहल्ल्याच्या गळ्याशी आलं होतं. किनारीचं लुगडं हातमागावरच विणायचं, असा सरकारी नियम कागदावर होता. पण कागदाला कोण विचारतो! कामठीकडे यंत्रमाग रात्रंदिवस धडधडत होते आणि हुबेहूब आपल्यासारखी दातेरी करवती किनार काढून इतवारीच्या बाजारात माल ओतत होते. इकडे सूत मिळेना, मिळालं तर विणलेलं लुगडं पुऱ्या भावानं कोणी घेईना. अर्ज झाले, मोर्चे झाले. साहेब लोकांनी चहा पाजला आणि अर्जावर पेपरवेट ठेवला.

माघ संपता संपता एका सकाळी गल्लीत पांजणी चालू होती. पांजणी म्हणजे सुताचा ताणा, लुगड्याचे लांबच लांब उभे धागे, गल्लीभर पसरून त्याला खळ लावायची. ते एकट्यादुकट्याचं काम नव्हे. ऊन चढायच्या आत सगळ्या घरांचे हात लागतात. आज माझ्या ताण्याला तू, उद्या तुझ्या ताण्याला मी. भांडलेले भाऊसुद्धा पांजणीला अबोला सोडतात. त्या ओल्या ताण्याच्या दोन्ही बाजूंना पन्नास-साठ माणसं उभी असताना जागेश्वर म्हणाला,

“आपण रोमसारखं करू. माग बंद. सगळे उठू आणि गाव सोडून बसू. शहराले कळू द्या, आपल्याबिगर कसं होते ते.”

या वेळी कोणी हसलं नाही. हसण्याइतकं कोणाच्या अंगात उरलं नव्हतं.

जागा ठरली सक्करदऱ्याच्या तलावाची. टेकडी म्हणायला सीताबर्डीची होती, पण तिच्यावर आधीच पलटण बसलेली. आणि सक्करदरा तांडापेठेपासून तीन मैल भरतो, हे जागेश्वरनं बोटांवर मोजून दाखवलं. सोसायटीचे सेक्रेटरी मनोहरराव तसे सावध गृहस्थ, पण तेही होकाराची मान हलवून गेले. शपथ त्याच ओल्या ताण्यावर हात ठेवून झाली. निकाल लागेपर्यंत कोणी धोटा टाकायचा नाही.

“आणि टाकला तर?” कोणीतरी विचारलं.

“तर त्याचा ताणा कापायचा,” जागेश्वर म्हणाला. “आणि त्याच्या पांजणीले, कामाले कोनी हात लावायचा नाही.”

कोष्ट्याच्या घरात मागावरचा अर्धा विणलेला ताणा कापत नाहीत. कापतात तो एकाच वेळी, घरात मयत झाली तर. तेही नाइलाजानं, तोंड फिरवून. पण जागेश्वरच्या डोळ्यांपुढे मॅन्लियस उभा होता. लोकांनी हो म्हटलं. जागेश्वरची बायको तुळजाबाई तेवढी घरी आल्यावर म्हणाली, “असं अभद्र तोंडातून काढत नसतात जी.” त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चाळीस घरांची माणसं सक्करदऱ्याला जाऊन बसली. बायका भांडी आणि गाठोडी घेऊन आल्या. पहिले आठ दिवस जत्रेसारखे गेले. सामायिक चूल पेटायची, दुपारी पुस्तक वाचलं जायचं. तलावाच्या रस्त्यावर एखादी मोटार दिसली की कोणीतरी ओरडायचं, “आला, आला! पोटाची गोष्ट सांगणारा आला!” आणि हशा पिकायचा. मोटार निघून जायची.

होळी आली आणि गेली. सामायिक चुलीवरचा भात पातळ होत होत पेज झाला. मोटार दिसली तरी आता कोणी ओरडेना. एक वार्ताहर येऊन गेला, त्याची बातमी छापून आलीच नाही. एक पोलीस आला. जागेश्वर उठून उभा राहिला, डोक्यावरची टोपी नीट केली. पोलिसानं विचारलं, इकडून एक काळी म्हैस गेली का?

त्याच आठवड्यात भरदुपारी मनोहरराव घाईघाईनं तलावावर आले. मोहल्ल्यात फेरी मारून आले होते. त्यांनी जागेश्वरला बाजूला घेतलं.

“एका घरात माग चालू आहे, जागेश्वरराव. मी कानानं ऐकलं. पण तुम्ही मनावर घेऊ नका. मी समजावून सांगतो, विषय इथंच मिटवू.”

“कोणाचं घर?”

मनोहरराव तलावाकडे पाहू लागले.

“कोणाचं घर जी?”

“तुमच्या प्रेमिलाचं.”

रुपरावची छाती दोन वर्षांपासून खराब होती. तो तलावावर यायच्या अवस्थेत नव्हता, म्हणून प्रेमिला त्याच्याजवळ घरी राहिली होती. दवाखान्यातली औषधं फुकट मिळत होती, पण डॉक्टरनं बजावलं होतं की पोटात अन्न नसलं तर हे औषध माणसालाच खाईल. सामायिक चुलीची पेज ती रोज डब्यातून नेत होती. ती पेज रुपरावच्या पोटात टिकत नव्हती. हे सगळं जागेश्वरला माहीत होतं. बाप होता तो. त्याला तोडगा सुचत नव्हता, म्हणून तो त्याचा विचार करत नव्हता.

तो तीन मैल चालत मोहल्ल्यात आला. मागे मनोहरराव, त्यांच्यामागे पंधरा-वीस माणसं. गल्ली सुनसान होती. प्रेमिलाच्या दारातून आवाज येत होता, दबलेला, चिंध्या गुंडाळलेल्या मागाचा. जागेश्वरनं दार ढकललं. प्रेमिला खड्ड्यात पाय सोडून बसली होती. मागावर पांढरं लुगडं, लाल करवती किनार, पाचेक हात विणून झालेलं. कोपऱ्यातल्या खाटेवर रुपराव उठायची धडपड करत होता.

“काहून वं?” जागेश्वर म्हणाला. “तुले शपथ माहीत नव्हती?”

“माहीत होती.”

“मंग?”

“यायले काय खाऊ घालू, ते तुमच्या पुस्तकात लिहिलं असंल तर सांगा.”

मागून मनोहरराव म्हणाले, “सोडा हो. घरात आजारी माणूस आहे. सगळ्यांना समजतं. कोणी काही म्हणणार नाही.” दारातल्या माणसांनी माना हलवल्या. सगळे सोडायला तयार होते. एकानं तर “चला, चला” म्हणत पाय मागे घेतला. या एका क्षणी जागेश्वरनं नुसतं वळून बाहेर पडायचं होतं. जगात कोणाचंही काही बिघडलं नसतं.

पण वीस वर्षं ज्या गोष्टीवर आवाज चढवला, ती आज दारात येऊन उभी राहिली होती. आज पोरीला सोडलं तर उद्या कोणत्या तोंडानं दुसऱ्याला अडवायचं? त्यानं कोनाड्यातली कात्री उचलली. रुपराव खाटेवरून म्हणाला, “मामाजी, मी पाया पडतो.” जागेश्वर तार ओवलेल्या फणीच्या मागे गेला आणि ताण्यात कात्री घातली. तीन हजारांवर तार होते. एका दमात कापले जात नव्हते. त्याला सहा-सात वेळा कात्री चालवावी लागली. ताणलेलं सूत तुटून दोन्हीकडे सैल पडलं. प्रेमिला खड्ड्यातून उठली नाही. तिनं ते पाहिलं, सगळं होईपर्यंत पाहिलं, आणि मग विचारलं,

“त्या पोराले मारल्यावर ते लढाई जिंकले होते ना, बाबा?”

जागेश्वरनं होकाराची मान हलवली.

“मंग आता जिंका,” ती म्हणाली.

शिस्त तर बसली. त्यानंतर तीन आठवडे चाळीस घरांत कोणी धोट्याला हात लावला नाही. लोक जागेश्वरला वाट देऊ लागले, पण त्याच्या शेजारी बसेनात. दुपारी पुस्तक वाच असं कोणी म्हणेना. तुळजाबाई लेकीकडे राहायला गेली. चैत्राचं ऊन तापलं, तलावाचं पाणी उतरून काठाला चिखल उघडा पडला, लेकरं हगवणीनं बेजार झाली. जागेश्वर रोज सकाळी टोपी झटकून रस्त्याकडे तोंड करून बसायचा. मनातल्या मनात तो आता भाव उतरवत होता. मंत्री नको, साहेब येऊ दे. साहेब नको, कारकून येऊ दे. कोणीही येऊ दे आणि पोटाची गोष्ट सांगून आम्हांला फसवून परत नेऊ दे. फसवायलासुद्धा कोणी आलं नाही.

शेवटी त्याच्यानं राहवेना. एका सकाळी तो एकटाच इतवारीत गेला, ज्या पेढीवर त्याच्या आजापासूनची लुगडी जात होती त्या पेढीवर. लग्नसराई होती. दुकान खच्चून भरलं होतं. गाद्यांवर लुगड्यांचे ढीग, लाल, हिरव्या, निळ्या करवती किनारी, बायका हातानं पोत पाहत होत्या आणि पसंत करत होत्या. जागेश्वरनं एक उचललं. यंत्रमागाचं होतं, त्याच्या बोटांना लगेच कळलं. बाकी कोणाच्या बोटांना कळत नव्हतं.

शेठजी भले गृहस्थ. त्यांनी त्याला ओळखलं, पाणी मागवलं. “बहुत दिन बाद, जागेश्वर भाऊ? गांव गए थे क्या?”

“आमचा बंद आहे ना जी. महिना-दीड महिना होऊन राहिला.”

“बंद?” शेठजींच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता, टिंगल तर मुळीच नव्हती. “कौन-सा बंद, भाऊ?”

जागेश्वर पाणी पूर्ण प्यायला. फुलपात्र खाली ठेवलं आणि उठला. तो सक्करदऱ्याला कसा पोचला ते त्याचं त्याला आठवत नव्हतं. तिथं त्यानं फक्त एवढंच सांगितलं, “उठा. घरी चला.” कोणी का म्हणून विचारलं नाही. गाठोडी बांधायला अर्धा तास लागला.

घरी कोणी नव्हतं. त्यानं पुस्तक काढलं आणि टेकडीचं पान उघडलं. ‘शहर ओस पडले’ या ओळीखाली त्यानंच कधीतरी पेन्सिलीनं जाड रेघ ओढली होती. त्या रेघेच्या लगेच खाली पुढची ओळ होती. ती फाटली नव्हती, पुसली नव्हती, वाळवीनं खाल्ली नव्हती. शत्रू वेशीवर येऊन ठेपला होता आणि लढणारे हात सगळे टेकडीवर होते, म्हणून सरदारांना नमावे लागले. ही ओळ त्यानं शंभर वेळा वाचली असेल. प्रत्येक वेळी डोळे तिच्यावरून घसरत पुढच्या गोड गोष्टीकडे गेले होते. त्यांच्यावाचून रोमचं अडलं होतं. आपल्यावाचून कोणाचंच अडत नाही. एवढी साधी गोष्ट शिकायला त्यानं चाळीस घरं उपाशी ठेवली आणि पोटच्या पोरीच्या मागात कात्री घातली. जागेश्वर भिंतीला डोकं टेकून मोठ्यानं रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाटीत चुलीतली राख घेऊन प्रेमिलाच्या दारात गेला. तुळजाबाईनं त्याला पाहून पदर तोंडाला लावला. प्रेमिला रुपरावची छाती शेकत होती. बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. जागेश्वर मागाच्या मागे जाऊन बसला. कापलेला ताणा होता तसाच लोंबत होता, तीन आठवड्यांची धूळ त्यावर बसली होती. पीळ घसरू नये म्हणून त्यानं बोट राखेत घातलं, एक तुटका तार उचलला, त्याचा जोडीदार शोधला, दोन्ही टोकं चिमटीत धरून पीळ दिला. एक झाला.

ज्याचा ताणा कापला त्याच्या कामाला हात लावायचा नाही, हा नियम त्याचाच. गल्लीतले लोक दारावरून जाताना आत पाहत आणि पुढे जात. नियम मोडल्याबद्दल कोणी त्याला बोललं नाही आणि कोणी मदतीलाही आलं नाही. ते रागानं असेल, नाही तर लाजेनं. त्याची नजर अधू झाली होती, दिवसाला पाचशे तार सांधून होत. चुकीचे जोडीदार लागले की उकलून पुन्हा. संध्याकाळी उजेड गेला की तो उठून घरी जायचा आणि सकाळी राख घेऊन परत यायचा. प्रेमिला त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवायची. बोलायची नाही.

तिसऱ्या दिवशी रुपराव खाटेवरून म्हणाला, “मामाजी, त्या हत्तीवाल्याची गोष्ट सांगा ना. दमवून मारते तो.”

“ते पुस्तक आता नाही उघडत गा मी.”

“पुस्तक काहून लागते? तोंडपाठ आहे तुम्हांले.”

जागेश्वरनं सांगितली. रुपराव ऐकता ऐकता झोपला.

पाचव्या दिवशी दुपारी प्रेमिला पेज घेऊन खाटेजवळ गेली आणि तिच्या हातातली वाटी पडली. जागेश्वर सूत चिमटीत धरून तसाच बसून राहिला. तुळजाबाईची किंकाळी ऐकून गल्ली जमली. दारातच एक म्हातारी कपाळावर हात मारून म्हणाली, “मयत झाली का ताणा कापत असतात. या घरात ताणा आधी कापला, अन् मयत मागून बोलावली.” ती हळू बोलली होती. पण जागेश्वरनं ते ऐकलं, आणि पुढे मरेपर्यंत, आणखी नऊ वर्षं, ते त्याच्या कानातून गेलं नाही.

रुपरावला नेलं. माणसं पांगली. जागेश्वर ओट्यावर बसून होता. उठून कुठं जायचं ते त्याला समजत नव्हतं. आतून प्रेमिला आली. कपाळ पुसलेलं, हात मोकळे. त्याला वाटलं ती आता बोलेल, जे बोलायचं ते बोलून टाकेल, आणि बरं होईल. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

“किती राहिले?” तिनं विचारलं.

“काय, पोरी?”

“तार.”

“सातशे. सातशेच्या वरच असतील.”

प्रेमिलानं राखेची वाटी उचलून त्याच्या हातात दिली.

“जोडा,” ती म्हणाली.